दिव्यांग तरुणांचं व्यवसाय मूल्यमापन: त्यात काय होतं, कुठे चुकतं आणि अहवाल कसा वाचायचा

शाळा संपते तेव्हा दिव्यांग मुलाच्या घरात गोंधळाचा काळ सुरू होतो. तोवर शिक्षक असतात, थेरपीच्या वेळा ठरलेल्या असतात, वर्षाअखेरीस प्रगती अहवाल येतो. अठरा ते एकवीसच्या दरम्यान हे सगळं जवळजवळ एकदमच थांबतं. मग कुणीतरी सुचवतं, "आता व्यवसाय मूल्यमापन करून घ्या." पालक मुलाला घेऊन जातात, दोन-तीन तास चाचण्या होतात आणि काही आठवड्यांनी चार-पाच पानांचा अहवाल हातात पडतो. त्यात आकडे असतात, तक्ते असतात, न कळणारी संक्षिप्त रूपं असतात. आणि शेवटी एक वाक्य असतं: 'सध्या खुल्या नोकरीसाठी, म्हणजे सगळ्यांसारख्या नेहमीच्या कामाच्या जागी नोकरी करायला, योग्य नाही.'

या एका वाक्यावर कधीकधी त्या मुलाची पुढची दहा-दहा वर्षं ठरून जातात. म्हणून ते वाक्य येतं कुठून, कितपत खरं मानायचं आणि अहवालात त्याच्या जागी काय असायला हवं, हे पालकांना कळायला हवं. त्याहून आधी ते त्या तरुण मुलामुलींना स्वतःला कळायला हवं, कारण विषय त्यांच्या आयुष्याचा आहे.

मूल्यमापन म्हणजे नेमकं काय शोधायचं असतं?

चार गोष्टी. या व्यक्तीला कोणत्या प्रकारचं काम आवडतं, त्यातलं आज तिला काय येतं, काय शिकता येईल, आणि ते जमण्यासाठी कामात, जागेत, साधनांत किंवा मदतीत काय बदल लागेल. पहिल्या तीन गोष्टींबद्दल बहुतेक अहवालांत काही ना काही लिहिलेलं असतं. चौथी मात्र सर्रास गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

शिंपी माप घेतो तेव्हा कुणी पास किंवा नापास होत नाही. एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड निघाला, तर शिंपी गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही. एक बाही आखूड शिवतो. व्यवसाय मूल्यमापन असंच व्हायला हवं. मापं घ्यायची ती कपडा बेतण्यासाठी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कपडा आधीच शिवून तयार असतो आणि त्यात माणूस मावतो का, एवढंच पाहिलं जातं.

यामागे जुना इतिहास आहे. माणसाला जुळणारं काम शोधून देण्याचा पद्धतशीर प्रयत्न फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सुरू केला. त्यांचं सूत्र सोपं होतं: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, आणि दोन्हींची सांगड घाला. आजचं करिअर मार्गदर्शन बऱ्याच अंशी याच पायावर उभं आहे. पण या सूत्रात काम जसं आहे तसंच राहणार, हे गृहीत धरलेलं आहे. माणसानंच कामाला जुळायचं. दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत नेमकं हे गृहीतक अडतं.

टक्केवारीचं प्रमाणपत्र आहेच, मग हे वेगळं कशाला?

अनेक देशांत डॉक्टर तपासून अपंगत्वाची टक्केवारी ठरवतात. सवलती, भत्ते, आरक्षण यांसाठी ती लागते. पण ती सांगते शरीराबद्दल किंवा मेंदूच्या कार्याबद्दल. कामाबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही.

समजा, दोन तरुणी आहेत. दोघींनाही अजिबात दिसत नाही, म्हणजे कागदावर दोघींची टक्केवारी सारखीच. एकीला लहानपणापासून ब्रेल येतं, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती झपाट्यानं वापरते आणि पांढरी काठी घेऊन एकटी प्रवास करते. दुसरीची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली आणि ती अजून एकटीनं घराबाहेर पडलेली नाही. पहिलीला उद्या नोकरी सुरू करता येईल. दुसरीला आधी प्रवास आणि संगणक शिकायला वेळ द्यावा लागेल. टक्केवारीत हा फरक दिसतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये यासाठी एक नवी वर्गीकरण पद्धत स्वीकारली. अपंगत्व फक्त शरीरात नसतं. शरीराची स्थिती आणि भोवतालची परिस्थिती यांच्या परस्परसंबंधातून ते घडतं, ही तिच्यामागची भूमिका. त्या पद्धतीत दोन गोष्टी वेगळ्या मोजायला सांगितल्या आहेत. एक म्हणजे क्षमता, अर्थात ठरावीक, सर्वांसाठी सारख्या परिस्थितीत माणूस काय करू शकतो. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष कामगिरी, म्हणजे स्वतःच्या रोजच्या परिस्थितीत तो खरोखर काय करतो. या दोहोंत अंतर असेल, तर ते कशामुळे पडलं हे शोधायचं. रोजच्या जागी कामगिरी चांगली आणि चाचणीच्या खोलीत वाईट असेल, तर त्या रोजच्या जागी काहीतरी उपयोगी आहे. ते काय, हे अहवालात यायला हवं. उलटं असेल, तर रोजच्या जागी काहीतरी आड येतं आहे.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या करारात, पुनर्वसनासंबंधीच्या २६ व्या कलमात, व्यक्तीच्या गरजा आणि बलस्थानं या दोन्हींचं मूल्यमापन व्हावं असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि तेही वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून. नुसत्या उणिवांची यादी करून कुणी त्याला मूल्यमापन म्हणत असेल, तर ते या कराराच्या कसोटीला उतरत नाही.

चाचण्यांवर किती विश्वास ठेवायचा?

मूल्यमापनात सहसा बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-हिशेब यांची तपासणी, आवडीनिवडीची प्रश्नावली, हाताच्या कौशल्याची चाचणी आणि मुलाखत असते. यातली प्रत्येक उपयोगी आहे. पण प्रत्येकीची फसवण्याची एक ठरलेली जागा आहे.

हाताच्या कौशल्याचंच पाहा. पर्ड्यू पेगबोर्ड नावाची चाचणी जगभर वापरली जाते. जोसेफ टिफिन यांनी ती अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात तयार केली आणि १९४८ मध्ये तिची तपशीलवार माहिती प्रसिद्ध झाली. एका फळीवर भोकांच्या दोन रांगा असतात. त्यांत बारीक पिना बसवायच्या: ३० सेकंद उजव्या हातानं, ३० सेकंद डाव्या हातानं, ३० सेकंद दोन्ही हातांनी. नंतर पिना, चकत्या आणि कड्या यांची एका मिनिटात जोडणी करायची. चाचणी सुबक आहे. पण ती बनली होती कारखान्यांसाठी, जुळणीच्या कामाला आलेल्या उमेदवारांतून चपळ हातांचे निवडायला. तिचा मूळ हेतू निवड करण्याचा, म्हणजेच बाकीच्यांना वगळण्याचा होता. एखाद्या तरुणाला काय काय करता येईल हे शोधायला तीच वापरली, तर तिची मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी, असलेल्या मुलाला ३० सेकंदांत चार पिना बसवता आल्या, तर त्याचे हात संथ आहेत एवढं कळलं. ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. त्याच्यात कामाची नजर, स्मरणशक्ती, चुका शोधण्याची सवय किंवा लोकांशी बोलण्याची हातोटी कितपत आहे, यावर त्या चार पिना अवाक्षर बोलत नाहीत. तरीही अहवालात गुण येतो, गुणाशेजारी 'अतिशय कमी' असा शेरा येतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात तो शेरा सगळ्या माणसालाच चिकटतो.

इथे एक खरी तांत्रिक अडचण आहे. प्रमाणित चाचणी म्हणजे सर्वांना त्याच सूचना, तेच साहित्य, तेवढाच वेळ देऊन घेतलेली चाचणी. म्हणूनच एकाच्या गुणांची तुलना मोठ्या गटाशी करता येते. आता या मुलाला दुप्पट वेळ दिला, तर तुलना मोडते. दिला नाही, तर चाचणी कौशल्य न मोजता अपंगत्वच पुन्हा मोजते. याला सोपा तोडगा नाही, पण प्रामाणिक तोडगा आहे: चाचणी दोनदा घ्यायची, एकदा नियमानं आणि एकदा सोयीसह, आणि दोन्ही निकाल वेगवेगळे लिहायचे. दुसऱ्या निकालाजवळ 'गटाशी तुलना करू नये' अशी टीप द्यायची. दोन निकालांमधलं अंतरच बहुतेक वेळा सगळ्यात बोलकं असतं, कारण सोय मिळाल्यावर किती फरक पडतो ते त्यातून दिसतं.

बाकीच्या फसण्याच्या जागाही अशाच आहेत. कर्णबधिर मुलीला तोंडी सूचना दिल्या आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी नव्हता, तर तिचा बुद्ध्यांक म्हणून जे मोजलं गेलं ते तिचं ओठ वाचण्याचं कौशल्य. स्वमग्न तरुण मुलाखतीत डोळ्यांत बघून बोलला नाही, म्हणून 'काम करण्याची प्रेरणा नाही' असं लिहिलं गेलं, तर लिहिणाऱ्याला स्वमग्नता कळलेली नाही. फिट्सच्या औषधानं सकाळी झोप येत असेल आणि चाचणी सकाळी नऊला असेल, तर गुण औषधाचे आहेत. अशा वेळी पालकांनी, किंवा त्या तरुणानं स्वतः, वेळ बदलून मागायला मुळीच संकोचू नये.

खोलीबाहेर पडल्यावर चित्र बदलतं

कागदी चाचण्यांचं अपुरेपण लोकांच्या लवकर लक्षात आलं होतं. न्यूयॉर्कमधल्या अपंगांसाठीच्या एका संस्थेत १९३० च्या दशकात खऱ्या कामांचे छोटे नमुने तयार करून ते करायला देण्याची पद्धत सुरू झाली: कागदपत्रं क्रमानं लावणं, शिवण, सोल्डरिंग, आराखडे काढणं अशी. याला कार्यनमुना म्हणतात. प्रश्नावलीपेक्षा हे कितीतरी बरं, कारण माणूस काम करताना दिसतो. कुठे अडतो, अडल्यावर विचारतो की थांबून राहतो, चूक स्वतःहून दुरुस्त करतो का, हे सगळं कळतं.

पण कार्यनमुन्यातही खऱ्या जागेचा आवाज, गर्दी, सहकारी, घाई आणि कंटाळा नसतो. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या अनेक तरुणांना एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी जसंच्या तसं वापरणं अवघड जातं. खोलीत जमलं म्हणजे कामावर जमेलच असं नाही, आणि खोलीत जमलं नाही म्हणजे कामावर जमणारच नाही असंही नाही. म्हणून सगळ्यात भरवशाचं मूल्यमापन खऱ्या कामाच्या जागी होतं, खऱ्या कामावर, काही दिवस किंवा काही आठवडे. सोबत निरीक्षण करणारी जाणकार व्यक्ती हवी आणि एकाहून अधिक प्रकारची कामं करून पाहायला हवीत.

याचं एक नावाजलेलं उदाहरण म्हणजे प्रोजेक्ट सर्च हा उपक्रम. १९९६ मध्ये तो अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथल्या मुलांच्या रुग्णालयात सुरू झाला. शाळेच्या शेवटच्या वर्षी बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेले विद्यार्थी वर्षभर रोज एका मोठ्या संस्थेत येतात आणि साधारण दहा-दहा आठवडे अशा तीन वेगवेगळ्या विभागांत काम करून पाहतात. शिक्षक आणि नोकरीतले मार्गदर्शक तिथेच असतात. स्वमग्न तरुणांसाठी याच पद्धतीत थोडे बदल करून घेतलेल्या एका चाचणी-अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपक्रमात असलेल्या २४ पैकी २१ जणांना नोकरी मिळाली. तुलनेसाठीच्या गटात १६ पैकी एकाला. आकडे लहान आहेत हे खरं. पण दोन्ही गटांत कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निवड न करता ठरवलं होतं, त्यामुळे 'हुशार मुलंच घेतली असतील' हा आक्षेप इथे टिकत नाही. उपक्रमाबाहेर राहिलेल्या त्या १६ जणांचा मी अनेकदा विचार करते. त्यांच्यात क्षमता कमी होती असं मानायला काही कारण नाही. त्यांना करून बघायची जागा मिळाली नाही.

ज्यानं काहीच करून पाहिलेलं नाही, त्याला आवड काय विचारणार?

तरुण दिव्यांगांचं मूल्यमापन मोठ्या माणसांहून वेगळं का असतं, ते इथे कळतं. चाळिशीत अपघात झालेल्या माणसाकडे वीस वर्षांच्या कामाचा अनुभव असतो. त्याला काय आवडतं, काय सोसतं, कोणत्या साहेबाशी पटतं, हे त्याला सांगता येतं. एकोणीस वर्षांच्या दिव्यांग मुलीजवळ बहुधा यातलं काहीच नसतं. तिच्या बहिणीनं सुट्टीत कुठेतरी काम केलेलं असतं, शेजाऱ्यांची लहान मुलं सांभाळलेली असतात, घरातले हिशेब पाहिलेले असतात. हिला मात्र मायेपोटीच 'तू बस, मी करते' असं म्हणत सगळ्यातून वगळलेलं असतं. मग आवडीच्या प्रश्नावलीत तिनं सत्तर कामांपुढे 'आवडत नाही' किंवा 'माहीत नाही' अशी खूण केली, तर निष्कर्ष निघतो: आवडीचं क्षेत्र आढळलं नाही. खरं तर आढळलेला असतो तो अनुभवाचा अभाव.

दुसरी अडचण उत्तरांची. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींशी होणाऱ्या मुलाखतींवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काळजीपूर्वक अभ्यास झाले. त्यात दिसलं, की हो-नाही पद्धतीच्या प्रश्नांना बरेच जण 'हो' म्हणतात. अगदी परस्परविरोधी प्रश्नांनाही. यात लबाडी नसते. आयुष्यभर मोठ्या माणसांना 'हो' म्हटलं की सगळं सुरळीत चालतं, हे ते शिकलेले असतात. 'हे की ते' असं विचारलं, तर पुष्कळदा शेवटी उच्चारलेला पर्याय निवडला जातो. चित्रं समोर ठेवली की उत्तरं जास्त भरवशाची होतात. त्यामुळे 'तुला पॅकिंगचं काम आवडेल ना?' 'हो' अशी नोंद कुठल्या अहवालात दिसली, तर तिला काडीचीही किंमत देऊ नये. तोच प्रश्न उलटून विचारला का, चित्रं किंवा चित्रफिती दाखवल्या का, आणि काम करून पाहिल्यावर पुन्हा विचारलं का, हे बघावं.

बोलता न येणाऱ्या तरुणांची आवडही कळते. त्यासाठी वेळ लागतो, इतकंच. कोणत्या वस्तूकडे तो आपणहून वळतो, कशात सर्वाधिक वेळ रमतो, कोणत्या जागी चिडचिड वाढते, कोणत्या माणसासोबत शांत असतो, याच्या नोंदी ठेवल्या तर चित्र उभं राहतं. चांगले मूल्यमापक म्हणूनच एखाद-दुसरी भेट घरी ठेवतात. चाचणीत 'क्रम लावता येत नाही' असा शेरा मिळालेला मुलगा घरी धुतलेले कपडे प्रत्येकाच्या कप्प्यात न चुकता ठेवत असतो. ही गोष्ट आई सांगत नाही, कारण तिला ते काम वाटतच नाही. विचारावं लागतं, आणि बघावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की मूल्यमापनाची तयारी चौदा-पंधराव्या वर्षापासून घरात सुरू व्हावी. वेगवेगळी खरी कामं करू द्यावीत, चुकू द्यावं, कंटाळू द्यावं. अमेरिकेतल्या शिक्षण कायद्यानं तर अपंग विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत शाळेनं पुढच्या आयुष्याचा आराखडा, आणि त्यासाठी वयाला साजेसं मूल्यमापन, करणं बंधनकारकच केलं आहे. शाळा सुटल्यावर पहिल्यांदा हा विषय काढणं म्हणजे उशीर करणं.

'शिकवून पाहिलं का?' हा प्रश्न

बहुतेक चाचण्या आज काय येतं ते मोजतात. उद्या काय येईल, हे त्यावरून अंदाजानं सांगतात. हा अंदाज किती चुकू शकतो, ते मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकानं दाखवून दिलं. मध्यम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेले तरुण त्या काळी संरक्षित कार्यशाळांत, म्हणजे फक्त अपंगांसाठी चालवलेल्या जागांत, अगदी किरकोळ कामं करत दिवस काढत. त्यांच्या बुद्ध्यांकाकडे पाहून याहून अधिक काही शिकवायचा कुणी विचारही करत नसे. गोल्ड यांनी त्यांना सायकलचा १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं. नंतर २४ भागांचा. १९७२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यांनी काय केलं, हे बघण्यासारखं आहे. कामाचे बारीक टप्पे पाडले. तोंडी सूचना शक्य तितक्या टाळून हातानं दाखवलं. आणि काही जणांसाठी प्रत्येक भागाची जी बाजू वर यायला हवी ती रंगवून ठेवली. रंगवलेले भाग मिळालेला गट लवकर शिकला. जवळजवळ सगळे शिकले, आणि वर्षभरानं पुन्हा तपासलं तेव्हा शिकलेलं टिकून असल्याचं दिसलं. थोडासा रंग आणि नीट विचार करून केलेलं शिकवणं, यानं 'अशक्य' या शेऱ्याचा निकाल लावला.

यातून मूल्यमापनाला एक साधी शिस्त मिळते. एखादं काम जमत नाही असं लिहिण्यापूर्वी ते नीट शिकवून पाहायचं, किती वेळा दाखवल्यावर जमलं आणि कोणती मदत दिल्यावर जमलं ते नोंदवायचं. 'जमलं नाही' यापेक्षा 'सातव्या वेळी, चित्रांची पट्टी समोर असताना, जमलं' ही नोंद शंभर पटींनी उपयोगी आहे. ती वाचून पुढचा माणूस काम सुरू करू शकतो.

अक्षमता खूप तीव्र असेल तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. काही तरुणांना आयुष्यभर, दिवसाचे चोवीस तास आधार लागतो. त्यांनी पूर्णवेळ नोकरी करावी असा आग्रह धरणं क्रूरपणाचं होईल. काहींसाठी आठवड्यातून चार तासांचं काम हेच योग्य माप असेल, आणि ते चार तास खरे असतात. काहींच्या प्रकृतीला कामाचा ताण सोसणारच नाही. त्यांचा मान त्यांच्या कमाईवर अवलंबून नाही.

पण कुणाला जमणार नाही हे आधीच ठरवण्याचा आपला आत्मविश्वास मात्र वाजवीपेक्षा खूप मोठा आहे. अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि सिद्ध करण्याची जबाबदारी फिरवली गेली. व्यक्ती नोकरीसाठीच्या सेवांचा लाभ घेऊ शकते, हे गृहीत धरायचं. नाही म्हणायचं असेल तर यंत्रणेनं तसा स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा द्यायचा. पुढे असंही ठरलं, की अपंगत्व फार तीव्र आहे म्हणून कुणाला अपात्र ठरवण्याआधी खऱ्या कामाच्या जागी, लागेल तो आधार देऊन, करून पाहण्याची संधी द्यावीच लागेल. खोलीतल्या चाचणीवरून दार बंद करता येत नाही.

गंभीर मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत तर अनुभव आणखी पुढे गेला. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत उभी केली. आधी लांबलचक तपासणी, मग प्रशिक्षण, मग तयारी झाली तर नोकरी, हा क्रमच त्यांनी उलटा केला. काम करायची इच्छा आहे एवढं पुरे. लगेच नोकरी शोधायला लागायचं, आणि मूल्यमापन नोकरी करता करता चालू ठेवायचं. अनेक देशांतल्या नियंत्रित अभ्यासांत या मार्गानं नोकरी मिळालेल्यांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या सुमारे दुप्पट दिसलं आहे. याचा अर्थ मूल्यमापन निरुपयोगी आहे असा नाही. कामाच्या आधी केलेलं मूल्यमापन अडसर ठरू शकतं आणि कामाबरोबर चालणारं मूल्यमापन आधार ठरतं, असा आहे.

नोकरी देणारा एवढं का करेल?

कारण बहुतेक वेळा करायचं फार नसतं. अमेरिकेत नोकरीतल्या सोयींविषयी सल्ला देणारी एक सेवा १९८३ पासून चालते. तिच्या सर्वेक्षणांत, दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी सोय करणाऱ्या मालकांपैकी जवळपास निम्मे किंवा त्याहून जास्त सांगतात की त्या सोयीला काहीच खर्च आला नाही. कामाची वेळ तासाभरानं पुढे नेणं, तोंडी सूचनांऐवजी लेखी यादी देणं, टेबलाची जागा बदलणं, एका कर्मचाऱ्याच्या कामातला एक भाग दुसऱ्याला देणं, हे सगळं सोयींतच येतं. मालकाला अडवते ती बहुधा अनिश्चितता: नक्की काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चांगला अहवाल हेच सांगतो.

अहवाल हातात आला की

पहिल्यांदा शेवटचं पान बघा. तिथे नुसता निवाडा असेल, तर अहवाल अपुरा आहे. 'पाठोपाठच्या दोनच सूचना लक्षात राहतात. चित्रांची यादी दिल्यावर आठ टप्प्यांचं काम एकट्यानं पूर्ण केलं. मोठ्या आवाजात वेग निम्म्यावर येतो. चाळीस मिनिटांनी पाच मिनिटांची विश्रांती लागते' अशी वाक्यं असतील, तर तो कामाचा अहवाल आहे. 'एकाग्रता कमी, वेग कमी, पर्यवेक्षण आवश्यक' अशा शेऱ्यांवरून कुणालाही काहीच करता येत नाही. कशावरची एकाग्रता, कोणत्या परिस्थितीत, पर्यवेक्षण किती आणि किती दिवस, हे विचारा. लेखी उत्तर मागा.

मग हे तपासा, की प्रत्येक निष्कर्ष कशावरून काढला आहे. किती वेळ निरीक्षण केलं, कुठे केलं, कोणती सोय दिली होती, चष्मा, श्रवणयंत्र किंवा संवादाचं साधन त्या दिवशी सोबत होतं का. शिफारस केलेली कामं या तरुणाच्या नोंदींतून आली आहेत, की त्या अपंगत्वाच्या सगळ्यांनाच सुचवली जाणारी ठरावीक चार कामं आहेत, हेही बघा. अंध म्हणजे टेलिफोन ऑपरेटर आणि मतिमंद म्हणजे मेणबत्त्या, या सवयीनं फार माणसांची आयुष्यं अरुंद केली आहेत.

अहवाल सगळ्यात आधी त्या तरुणाला समजेल अशा भाषेत, चित्रांत किंवा खुणांत समजावून सांगायला हवा. तो सज्ञान आहे. त्याच्या संमतीशिवाय तो कागद मालकाकडे जाऊ नये. मालकाला निदान आणि बुद्ध्यांक कळण्याची सहसा गरजही नसते. त्याला लागते ती सोयींची यादी, आणि ती एका वेगळ्या पानावर मागून घेता येते.

अहवाल पटला नाही, तर दुसरं मत मागता येतं. मागताना 'आम्हाला मान्य नाही' एवढंच न म्हणता, घरी किंवा शाळेत तो जे करतो त्याच्या चित्रफिती, तारखांसह नोंदी आणि शिक्षकांचं लेखी निरीक्षण सोबत द्यावं, आणि पुढचं मूल्यमापन प्रत्यक्ष कामाच्या जागी व्हावं अशी मागणी करावी. अहवालावर तारीख असते, तीही बघावी. अठराव्या वर्षी घेतलेली मापं चोविसाव्या वर्षी लागू पडत नाहीत. औषध बदललं, नवं साधन मिळालं, एखादं काम सहा महिने केलं, किंवा वाढत जाणाऱ्या आजारात ताकद कमी झाली, की मूल्यमापन नव्यानं करून घ्यावं. कुणी जुनाच अहवाल दाखवून दार अडवत असेल, तर त्याला ती तारीख दाखवावी आणि नवं मूल्यमापन कधी होणार, हे लेखी विचारावं.